स्वखर्चाने, सप्रेम

पदरचे पैसे घालून पुस्तक काढलं, असं सांगणारा मराठी लेखक मला अजून भेटायचाय. मी मुद्रितशोधक. पानामागे पैसे घेतो आणि लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतो. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या दोन-तीन कचेऱ्यांतून प्रुफं उचलण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठल्या पुस्तकाचा खर्च कुणी केला हे मला लेखकाच्या बायकोच्या आधी कळतं. तरीसुद्धा जिन्यात गाठ पडली की लेखक हमखास म्हणतो, "माझ्या काही मनात नव्हतं हो, पण प्रकाशक मागेच लागले." यात खोटं काही नाही. प्रकाशक मागे लागतात. दुसरा हप्ता थकला की लागतात.

पैसे देऊन पुस्तक छापून घेण्यात मला तरी कमीपणा वाटत नाही. लोक पैसे देऊन सिंगापूर बघून येतात, गुडघे बदलून घेतात, नातवाच्या बारशाला ड्रोन उडवतात. चाळीस-पन्नास हजारांत आपल्या नावाचं पुस्तक हातात पडत असेल तर सौदा वाईट नाही. गंमत आहे ती पुढे. असा काही व्यवहार झालाच नाही, हे दाखवण्यासाठी लेखक, प्रकाशक, प्रस्तावनाकार, प्रमुख पाहुणे आणि शेवटी खुर्च्या मांडणारा पोरगा हे सगळे मिळून जो अभिनय करतात, तो पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा सरस असतो.

पूर्वी या क्षेत्रात टपाल खात्याचा मोठा आधार होता. लेखक हस्तलिखित पाठवायचा, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट ठेवायचा, आणि संपादक ते पाकीट इमानेइतबारे वापरायचे. 'साभार परत' या दोन शब्दांनी मराठी वाचकाचं जेवढं संरक्षण केलं, तेवढं कुठल्या समीक्षकाने केलं नसेल. त्यात काही चांगलंही परत गेलं असणार, नाही असं नाही. पण कुणीतरी वाचून 'नको' म्हणायचा. आता जो पैसे भरतोय त्याला 'नको' म्हणायचं कुणी? सरकारचं साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. ही माहिती मी बऱ्याच जणांना सांगून पाहिली. ऐकणाऱ्याचा चेहरा आधी खुलतो आणि मग हळूच तो विचारतो, "म्हणजे तिथे हस्तलिखित कुणी वाचतं का?" वाचतात म्हटल्यावर विषय संपतो.

येणारे बहुतेक साठीपलीकडचे. टिळक रस्त्याकडून अप्पा बळवंत चौकात यायचं तर वाटेत लक्ष्मी रस्ता ओलांडावाच लागतो, म्हणजे सरस्वतीच्या उपासकांना काय ते शहराच्या नकाशानेच बजावून ठेवलंय. ग्रॅच्युइटी खात्यात पडली की माणसाला आपलं आयुष्य वाचनीय वाटू लागतं. बँकेतला असेल तर आत्मचरित्राचं नाव 'शिल्लक', पाटबंधारे खात्यातला असेल तर 'प्रवाह', आणि शिक्षक असेल तर नावात खडू असतोच. मग युरोप पाहून आलेल्या काकू. यांच्या प्रवासवर्णनात आयफेल टॉवरला दोन परिच्छेद असतात आणि सहप्रवासी वहिनींनी पॅरिसच्या हॉटेलात इस्त्रीवर भाजलेल्या थालीपिठाला अडीच पानं. खरं सांगायचं तर थालीपीठच जास्त चांगलं उतरलेलं असतं. पण काकूंना आर्ट पेपरवरचे रंगीत फोटो टॉवरचेच हवे असतात, स्वतः पुढे उभं राहून काढलेले.

सगळ्यात सरळ गिऱ्हाईक म्हणजे प्राध्यापक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली बढतीसाठी गुण मोजायची पद्धत आणली, त्यात पुस्तकाला गुण ठेवले, आणि पुस्तकावर आयएसबीएन असणं आलं. तेव्हापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारांसारखे हे प्राध्यापक नेमाने येतात. आवाज खाली, पिशवीत प्रबंध. "मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. होईल का?" होईल. "किती प्रती काढायच्या?" यावर एकजण म्हणाले, "पाच पुरेत. एक फाइलला, एक प्राचार्यांना, एक आईला, दोन वरखाली." मराठी प्रकाशनव्यवसायात मागणीचा एवढा अचूक अंदाज मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

आयएसबीएन हा तेरा आकडी क्रमांक पुष्कळांना पुरस्कारासारखा वाटतो. "आमच्या पुस्तकाला आयएसबीएन मिळाला" अशी बातमी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते, खाली पुष्पगुच्छ पडतात. वास्तविक भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, लेखकालाही थेट मागता येतो. पॅकेजमध्ये मात्र त्याचे दोन-अडीच हजार लावलेले पाहिलेत मी. गंमत अशी की सार्वजनिक ग्रंथालयांसाठी पुस्तकं घेणारं, १९७२ साली स्थापन झालेलं कोलकात्याचं प्रतिष्ठानही राजा राममोहन रॉय यांच्याच नावाचं. म्हणजे पुस्तकाला नंबर देणारे राममोहन आणि नशीब असेल तर विकत घेणारेही राममोहन. सतीच्या चालीविरुद्ध लढलेल्या या थोर पुरुषाच्या नावाखाली अजूनही नवऱ्याच्या काव्यसंग्रहापायी बायकोची मुदतठेव मुदतीआधी मोडली जाते, त्याला कोण काय करणार!

प्रकाशक हस्तलिखित वाचत नाहीत, तोलतात. उजव्या हातावर घेतात, डाव्या अंगठ्याने पानांची कड फर्रकन सोडतात आणि म्हणतात, "सहा फॉर्म." फॉर्म म्हणजे सोळा पानं. मग पुढचं एका दमात येतं : डेमी आकार, ७० जीएसएम नॅचरल शेड, कव्हरला ३०० जीएसएम आर्ट कार्ड, परफेक्ट बाइंडिंग, मॅट लॅमिनेशन. समोरच्याने 'मॅट लॅमिनेशन' हा शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकलेला असतो, पण तो विचारात पडल्यासारखं करून म्हणतो, "मॅटच बरं." आत्तापर्यंत मनात भीती असते की आपल्या कवितांबद्दल काय म्हणतायत. कागदाबद्दल बोलणं निघालं की माणूस निर्धास्त होतो.

सहा फॉर्मचीच एक हकीकत आहे. काव्यसंग्रह होता. मांडणी झाली आणि पानं भरली ९१. छपाईला ९६ लागतात, पाच कोरी सोडायची तर कागद फुकट जाणार. प्रकाशकांनी कवींना फोन लावला, "सर, पाच पानं कमी पडतायत. उद्या दुपारपर्यंत द्या, फॉर्म बसवायचाय." कवी नोकरीत हिशेबनीस, वेळेचे पक्के. दुसऱ्या दिवशी अकराला पाच कविता हजर. चाळीस वर्षं साठवलेल्या बाकीच्या कवितांत सांज होती, किनारा होता, 'तू' होती. या पाचांत रात्री दीडला पंख्याच्या कपॅसिटरचा येणारा आवाज होता, झोपलेल्या मुलीच्या दप्तरातून सांडलेला पेन्सिलीचा भुगा होता. घाईत लिहिल्यामुळे सजवायला वेळ मिळाला नव्हता. संग्रहात तेवढ्याच पाच कविता कविता होत्या. मी तसं समासात पेन्सिलीने लिहिलं. प्रकाशकांनी वाचून विचारलं, "म्हणजे शुद्धलेखन बरोबर आहे ना?"

हल्ली अंदाजपत्रक म्हणत नाहीत, पॅकेज म्हणतात. चांदी, सोनं, प्लॅटिनम. शेजारच्या सराफांचाच वाण नाही पण गुण लागलेला. चांदीत छपाई आणि बांधणी. सोन्यात मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, ऑनलाइन विक्रीची सोय. प्लॅटिनममध्ये प्रस्तावना, प्रकाशन समारंभ, एक स्मृतिचिन्ह आणि 'समाजमाध्यमांवर व्यापक प्रसिद्धी'. ही व्यापक प्रसिद्धी म्हणजे प्रकाशकांच्या भाचीने चोवीस तास ठेवलेलं स्टेटस. करारात एक कलम बारीक अक्षरात असतं : पहिल्या हजार प्रतींवर मानधन देय नाही. छापायच्या असतात तीनशे. लेखक सही करताना हे कलम वाचतो, त्याला ते मानाचं वाटतं. आपलं पुस्तक हजाराच्या पुढे जाईल असं निदान एका माणसाने कागदावर गृहीत धरलंय, हेही थोडं नाही. आणि 'प्रिंट ऑन डिमांड'मध्ये तर वेगळीच मौज. मागणी येईल तशी छपाई, असं तत्त्व. मागणी लेखकाकडूनच येते. स्वतःच्या पैशांनी उभं केलेलं पुस्तक तो स्वतःच चाळीस टक्के सवलतीत विकत घेतो आणि सवलत मिळाली म्हणून आभार मानतो.

रक्कम ऐकून कुणी कचरलाच, तर प्रकाशक मार्सेल प्रूस्तला बाहेर काढतात. "प्रूस्तनेसुद्धा पदरचे पैसे घातले होते, सर." खरं आहे ते. १९१३ साली प्रूस्तने महाकादंबरीचा पहिला खंड पॅरिसच्या ग्रासे या प्रकाशकाकडून स्वतःच्या खर्चाने काढला. आंद्रे जीदसारख्या जाणत्यांच्या मंडळीने तो आधी नाकारला होता. हाच प्रूस्त प्रुफांवर मजकूर खोडून, वाढवून, कागदाच्या पट्ट्या चिकटवून कादंबरी पुन्हा लिहायचा, हे कळल्यापासून त्याच्यापेक्षा त्याच्या मुद्रितशोधकाबद्दल मला जास्त आदर आहे. ब्राँटे बहिणींनी १८४६ मध्ये टोपणनावांनी कवितासंग्रह काढला, पैसे स्वतः भरले, आणि वर्षभरात प्रती विकल्या गेल्या दोन. वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये आपलं पुस्तक स्वतः छापलं, त्यातला काही मजकूर स्वतः जुळवला, आणि मग वर्तमानपत्रांत निनावी परीक्षणं लिहून स्वतःची भरपूर तारीफ केली. आपल्याकडे लेखकाचा मेहुणा ऑनलाइन पाच तारे देतो ते त्यामानाने संयमाचं म्हणायचं. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' पुण्यातच स्वतः प्रसिद्ध केली. पण त्यांच्याकडे जे सांगायला होतं ते दुसरं कुणी छापण्याची सोय नव्हती, म्हणून. प्रकाशक फुल्यांचं नाव घेत नाहीत. फुले म्हटलं की समोरचा आपल्या हस्तलिखिताकडे एकदा बघतो आणि व्यवहार लांबतो. प्रूस्त कुणी वाचलेला नसतो, त्यामुळे त्याला सोबतीला घेणं सोपं जातं.

पैसे भरले की प्रुफं माझ्याकडे येतात. हस्तलिखित हा आता म्हणायचा शब्द. येतात ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, एकाखाली एक, तारखांसकट. कवितेच्या प्रत्येक कडव्याखाली जोडलेले हात असतात. ते विरामचिन्ह धरायचं की यमक, हे मी अजून ठरवलेलं नाही. डीटीपी करणारी मुलगी मागच्या पुस्तकाची फाइल उघडून त्यातच नवा मजकूर ओतते, त्यामुळे सुरुवातीची पानं डोळ्यांत तेल घालून बघावी लागतात. एका काकूंच्या पाककृती दुसऱ्याच गृहस्थांच्या कैलासवासी पत्नीला अर्पण होता होता राहिल्या. चूक दाखवली की लेखकाचं ठरलेलं उत्तर येतं, "ते मी मुद्दाम तसं लिहिलंय." 'आशिर्वाद' मुद्दाम, 'क्रुपया' मुद्दाम. एक कवी तर म्हणाले की 'विरह' मधला 'वि' दीर्घच हवा, विरहच तेवढा दीर्घ होता. असं म्हटल्यावर मी तरी काय बोलणार? ठेवला दीर्घ.

प्रस्तावनेचं वेगळंच शास्त्र आहे. तिच्यात कवीची नाळ मातीशी जोडलेली असते, अनुभव अस्सल असतो, काही ठिकाणी 'अधिक चिंतनाची अपेक्षा' असते आणि शेवटी पुढील वाटचालीस शुभेच्छा असतात. यातलं 'अधिक चिंतनाची अपेक्षा' हे वाक्य फार महत्त्वाचं. त्यामुळे पुस्तक वाचल्याचा भास होतो. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या संग्रहाला आलेल्या प्रस्तावनेत त्यांना शेवटपर्यंत 'ही कवयित्री' म्हटलं होतं आणि त्यांच्या लेखणीतल्या आईपणाचं कौतुक होतं. प्रस्तावनाकारांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. जिथे जिथे 'ही' आहे तिथे 'हा' करा." आईपण राहू द्यायचं का, असं विचारलं तर म्हणाले, "सैन्यात होते ना? मातृभूमी येईलच कुठेतरी."

मुखपृष्ठाला पूर्वी मावळता सूर्य, पीस आणि दौत असायची. आता चित्र यंत्राकडून मिळतं, मिनिटात. ग्रामीण कादंबरीच्या एका मुखपृष्ठावर बैल उमदा आला होता, पण पाय मोजले तर पाच. मी दाखवल्यावर लेखकांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "राहू द्या," म्हणाले, "शेतीवरचा अतिरिक्त भार सूचित होतोय." समारंभात प्रमुख पाहुण्यांनी नेमका त्या पायावर पाच मिनिटं घालवली.

समारंभ हा या सगळ्याचा कळस. दारात लेखक वधूपित्यासारखा उभा, नव्या कुर्त्याची घडी न मोडलेली. सभागृहात पुढच्या दोन रांगा नातेवाइकांच्या, मधल्या माजी सहकाऱ्यांच्या, आणि अगदी मागे दोन-चार वृद्ध, जे रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या प्रकाशनाला असतातच. बटाटेवडा आधी की नंतर एवढीच त्यांची चौकशी. व्यासपीठावर पुस्तकं जिलेटीनच्या कागदात, वर लाल रिबीन. ती गाठ सुटत नाही. कात्री कुणी आणलेली नसते. शेवटी अध्यक्ष दाताने सोडवतात, टाळ्या पडतात, आणि सगळे पुस्तक छातीशी धरून फोटोसाठी उभे राहतात. त्यातलं एक पुस्तक उलटं असतं. मग भाषणं. वक्ते म्हणतात, "काल रात्री पुस्तक हातात घेतलं आणि खाली ठेववेना." खाली ठेवणं अशक्यच होतं, कारण बाइंडरकडून गठ्ठे आज दुपारी चारला आले, रिक्षातून मीच आणले. निवेदिका सांगते की इतक्या दर्जेदार लेखनाला वाचकांपर्यंत नेण्याचं धाडस प्रकाशकांनी केलं. धाडस करणारे प्रकाशक मान खाली घालून बसतात. ज्याने धाडसाचे पैसे भरले तो लेखक सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतो. कार्यक्रम संपला की दारापाशी टेबल : मूळ किंमत दोनशे, आज फक्त दीडशे. टेबलामागे पुतण्या. त्याची नजर चुकवून बाहेर पडण्यासाठी भले भले लोक अचानक मोबाइलवर बोलू लागतात.

मग उरतात गठ्ठे. हेन्री थोरोने १८४९ मध्ये पहिलं पुस्तक आपल्या खर्चाच्या जबाबदारीवर काढलं, हजार प्रती. चार वर्षांनी प्रकाशकाने न खपलेल्या ७०६ परत धाडल्या आणि त्या त्याने पाठीवरून माळ्यावर नेल्या. त्याला माळा तरी होता. कोथरूडच्या दोन खोल्यांत दिवाणच तेवढा. दिवाणाच्या पोटातलं पाहुण्यांचं अंथरूण-पांघरूण बाहेर येतं आणि पुस्तकं आत जातात, त्यामुळे पाहुण्यांना मुक्कामाचा आग्रह होत नाही. घरातल्या बाईला पुस्तकाचा झालेला हा पहिला प्रत्यक्ष लाभ. पूर्वी हस्तलिखित साभार परत यायचं. आता तीनशे प्रती येतात, टेम्पोचं भाडं लेखकाकडे.

काही प्रती सुटतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ग्रंथालयांना प्रती स्वखर्चाने पाठवायच्या असतात, तेव्हा चेन्नईच्या कोनेमारा ग्रंथालयात कुठल्यातरी फळीवर सातारकर कवीच्या श्रावणसरी सुखरूप असू शकतात. काही प्रती गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जातात. १९६७ च्या कायद्याखालच्या या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान मार्चच्या तोंडावर खर्ची पडायचं असतं, त्यामुळे पुस्तकापेक्षा त्यावरची सूट वाचली जाते. उरलेल्या 'सप्रेम भेट'. ज्याला भेट मिळते तो महिनाभर लेखकाला टाळतो, भेटलाच तर म्हणतो, "चाळलं. निवांत वाचणार आहे." निवांतपणा मराठी माणसाला लाभत नाही, हे सर्वांना माहीत आहे.

या सगळ्यात एकदा एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरचं हस्तलिखित आलं. चारशे पानी वह्यांत, निळ्या शाईत. मी नेहमीप्रमाणे पेन्सिल घेऊन बसलो. मुक्कामाच्या गाडीचं प्रकरण होतं : रात्री नऊला डोंगरातल्या शेवटच्या गावी गाडी लागते, ड्रायव्हर टपावर आणि हे सीटवर वळकटी टाकून झोपतात, आणि पहाटे कुणीतरी बाई खिडकीवर टकटक करून विचारते, "मास्तर, पोराची फी भरायला तालुक्याला जायचंय, पैसं सांजच्याला दिलं तर चालंल?" पैसे स्वतःच्या खिशातून भरून तिकीट फाडलेल्या अशा बायांची नावं त्यांनी गावांसकट लिहिली होती, आणि कुणी परत दिले, कुणी नाही, तेही. पेन्सिल मी बाजूला ठेवली आणि आधी नुसतं वाचून काढलं. प्रकाशकांना म्हटलं, हे वाचा. ते म्हणाले, "अकरा फॉर्म ना? वाचलंय."

कंडक्टरांनीही सोन्याचं पॅकेज घेतलं, इतरांसारखंच. समारंभ नको म्हणाले. तीनशे प्रती डेपोच्या आवारात उतरवून घेतल्या आणि पाच महिन्यांनी कचेरीत परत आले. मी तिथेच प्रुफांचे पैसे मागायला बसलो होतो. त्यांनी टेबलावर एक तक्ता पसरला. अगदी वेबिलासारखा : तारीख, डेपो, प्रती दिल्या, प्रती संपल्या, रक्कम, शिल्लक. चहाच्या कँटीनमध्ये, युनियनच्या बैठकीत, निवृत्तीच्या निरोप समारंभांत हातोहात विकलेल्या. शिल्लक शून्य. प्रकाशक तो तक्ता उलटसुलट करून बघत राहिले. पुस्तक विकल्याचा हिशेब कसा दिसतो हे त्यांनी पूर्वी पाहिलेलं नसावं.

"वा! मग दुसरी आवृत्ती काढू या," ते म्हणाले. "जुने लेखक म्हणून पॅकेजवर दहा टक्के सूट."

"साहेब, पुस्तकं मी इकली, मग पैसं पुन्यांदा मीच का भरायचं?"

"तशी पद्धत आहे."

त्यांनी तक्त्याची घडी घालून खिशात ठेवली. "कागद कोन देतं? छापनारा कोन? शिवतं कोन?" प्रकाशकांना फोन आला, निदान आल्यासारखा वाटला, आणि ते आतल्या खोलीत गेले. कंडक्टर माझ्याकडे वळले. शनिवार पेठेतला छापखाना, कागदवाला आणि बाइंडर, तिघांचे पत्ते मी एका प्रुफाच्या पाठीवर लिहून दिले.

"आन तुमचं किती?"

"माझं काही नाही. पहिल्या आवृत्तीचे पैसे इथून यायचेत."

"कवाधरनं?"

मी सांगितलं. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा बसले. "मग बसूया की," म्हणाले, "इनातिकीट हितनं कुनीबी उतरत नाय."